दादाचा जुना कन्सोल

अमळनेर तालुक्यातलं गाव. मे महिना, दुपारचे 3. खालच्या खोलीत भाव येईल म्हणून साठवलेला कापूस, छताला टेकलेला. वरच्या खोलीत पीएस4, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन 4, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल. त्याच्या पंख्यापुढे कूलरही ऐकू येत नाहीये.

हा कन्सोल दादाचा. त्याने पुण्यात प्रो, म्हणजे त्याचीच जास्त ताकदीची आवृत्ती घेतली आणि जुना एसटीने घरी आला.

पीएस4 बाजारात आला 2013 मध्ये, पीएस4 प्रो 2016च्या नोव्हेंबरात. ग्राफिक्सची ताकद 1.84 टेराफ्लॉपवरून (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं) 4.2 वर गेली, म्हणजे दुपटीच्याही पुढे. प्रोसेसर मात्र त्याच जातीचा, फक्त 1.6 गिगाहर्ट्झवरून 2.1 वर पळवलेला. ट्रॉली मोठी आणली, ट्रॅक्टर तोच. म्हणून चित्र 4केच्या, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या जवळ गेलं, पण सेकंदाला 30 फ्रेमवर चालणारे बरेच गेम 30वरच राहिले.

दिवाळीत दादा प्रो घेऊन आला, आमच्या 32 इंची टीव्हीला जोडला. आजीने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "यामा नवं काय शे रे भाऊ?" दादाजवळ उत्तर नव्हतं. पुण्यात त्याच्याकडे 4के टीव्ही आहे, तिथे फरक डोळ्यांत भरतो. आधी टीव्ही, मग प्रो. उलट्या क्रमाने गेलं तर पैसे पाण्यात.

पुढच्या पिढीतही तेच झालं, 2024च्या नोव्हेंबरात पीएस5 प्रो आला. तेव्हा किंमत 700 डॉलर, आणि डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यायचा. आमच्याकडे एक डिस्क चार घरं फिरते, तिथे हे फार खुपतं. भारतात तर तो तेव्हा विक्रीला आलाच नाही, कारण त्याच्या वायफायला लागणारा 6 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचा पट्टा इथे खुला नव्हता.

तरीही दोन पिढ्यांच्या मधे प्रोसारखा कन्सोल निघावा असं मला मनापासून वाटतं. पीएस4 प्रो आणताना सोनीने ठरवलं होतं की, प्रोचा गेम साध्या पीएस4वरही चालला पाहिजे. त्यामुळे दादा पुढे गेला तरी मी मागे पडलो नाही.

आज झाकण उघडलंय. पंख्याच्या पात्यांवर कापसाचे तंतू, बोटाएवढा थर. चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट सुकून चुन्यासारखी झालेली. ब्रशने झाडलं, नवी पेस्ट लावली, स्क्रू आवळले.

बटण दाबलं. आता कूलर ऐकू येतोय. हेडफोनमध्ये पुण्याहून दादा विचारतोय, "आला का रे?"