धावपट्टीच्या कडेला

[दृश्य: सकाळचं धुकं. कॅमेरा जमिनीलगत. काळ्या डांबरावर पुसट पिवळी रेघ. रेघेवरून सायकलचं छोटं चाक जातं.]

ही पिवळी रेघ विमानाच्या पुढच्या चाकासाठी आखलेली आहे. वैमानिकानं चाक रेघेवर धरायचं आणि हँगरपासून धावपट्टीपर्यंत सरळ यायचं, एवढंच तिचं काम. गेली कित्येक वर्षं तिच्यावरून विमान गेलेलं नाही. डांबराला भेगा पडल्यात, भेगांतून गवत वर आलंय.

[मुलगी सायकल चालवतेय. मागून वडील सीट धरून पळताहेत. हात सुटतो. निवेदन नाही, ८ सेकंद.]

[दृश्य: टर्मिनलच्या गच्चीवरून. डावीकडून उजवीकडे संथ पॅन.]

बर्लिन. गावाबाहेरचं माळरान वाटेल, पण हे शहराच्या पोटात आहे. पलीकडे दिसतात ती नॉयक्योल्नची घरं, डावीकडे क्रॉयत्सबेर्ग, आणि आपण उभे आहोत ते टेम्पलहोफ विमानतळाच्या छतावर. समोरचं मैदान सुमारे ३०० हेक्टरचं. मोनॅको हा अख्खा देश इथे आणून ठेवला तरी जागा शिल्लक राहील. दोन धावपट्ट्या, प्रत्येक दोन किलोमीटरच्या आसपास. मधे इमारत एकही नाही.

इतक्या महागड्या शहरात, इतक्या मोक्याच्या जागी, एवढी जमीन रिकामी कशी राहिली? कुणाच्या विसरभोळेपणामुळे नक्कीच नाही. ती रिकामी राहावी म्हणून लोकांना भांडावं लागलं. आणि भांडण बहुतेक वेळा मैदानाच्या मध्यावरून झालंच नाही. ते झालं कडांवरून.

[संग्रहित छायाचित्रं: घोडदळ, संचलन, मग तारांनी बांधलेलं दुपंखी विमान.]

आधी इथे प्रशियाच्या सैन्याची संचलनं व्हायची. सपाट, उघडी जमीन; घोड्यांना सोयीची, आणि पुढे विमानांनाही. १९०९ च्या सप्टेंबरात ऑर्व्हिल राइटनं याच मैदानावर आपलं विमान उडवून दाखवलं. १९२३ मध्ये रीतसर विमानतळ झाला. १९२६ मध्ये लुफ्त हान्साची विमानं इथून सुटू लागली. आणि १९२७ मध्ये भुयारी रेल्वे दाराशी आली. विमानतळाला भुयारी रेल्वेनं जोडण्याची ही जगातली पहिलीच वेळ. आज नव्या विमानतळाला मेट्रो जोडली की फीत कापायला मंत्री येतात. इथे ते काम शंभरेक वर्षांपूर्वी उरकलं होतं.

[दृश्य: इमारतीच्या कमानीसारख्या वळणावर लांब ट्रॅकिंग शॉट. संपतच नाही. संपू देऊ नये.]

ही इमारत मात्र नाझी काळातली. वास्तुरचनाकार एर्न्स्ट झागेबील. काम सुरू झालं १९३६ मध्ये. लांबी एक किलोमीटरहून जास्त, आकार धनुष्यासारखा वाकलेला.

[क्लोज-अप: छज्जाची खालची बाजू. पोलादी तुळया. रिव्हेट.]

हे छत नीट पाहा. विमान थेट याच्याखाली येऊन उभं राहायचं आणि प्रवासी पावसाचा थेंब अंगावर न घेता आत चढायचे. पुढच्या बाजूला एकही खांब नाही. सगळा भार मागे तोललेला. आणि या छतावर जिने का आहेत? वर लोकांना बसवून हवाई कसरती दाखवायच्या होत्या. विमानतळाचं छत म्हणजे प्रेक्षागृह. सत्तेला गर्दी लागते, गर्दीला बसायला जागा लागते. ते प्रेक्षक कधी आलेच नाहीत, युद्ध आलं.

मैदानाच्या उत्तर कडेला, कोलंबिया हाउस नावाच्या तुरुंगात, नाझींनी १९३४ ते १९३६ या काळात छळछावणी चालवली. युद्धकाळात याच हँगरांमध्ये लढाऊ विमानांची जुळणी झाली आणि त्यासाठी सक्तीनं आणलेले मजूर बराकींत कोंबले गेले. त्या बराकींतलं आज काही उभं नाही. म्हणून दाखवायलाही फारसं काही नाही.

[दृश्य: चौकातलं गरुडाचं धातूचं मुंडकं. संपादकासाठी: इथे थोडं थांबा.]

हे गरुडाचं मुंडकं. पूर्वी अख्खा गरुड इमारतीच्या माथ्यावर बसलेला होता. १९६२ मध्ये तो उतरवला, मुंडकं अमेरिकेत सैनिकी अकादमीत गेलं, आणि १९८५ मध्ये परत आलं. आता त्याच्या चोचीखाली लोक मोबाइलवर बोलत उभे राहतात.

[संग्रहित चित्रफीत: ढगांतून उतरणारी मालवाहू विमानं. घरांच्या ढिगाऱ्यावर उभी मुलं. विमानाचा आवाज पूर्ण.]

ही दृश्यं तुम्ही पूर्वी कुठेतरी पाहिली असतील. जून १९४८. सोव्हिएत सैन्यानं पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. शहरात वीस लाखांहून जास्त लोक. उरलं फक्त आकाश, आणि तेही तीन अरुंद पट्ट्यांपुरतं.

त्या तीन पट्ट्यांतून पीठ आलं, सुकवलेले बटाटे आले, औषधं आली. पण सगळ्यात जास्त आला कोळसा. विमानातून कोळसा! पोत्यांत भरलेला, गळणारा. विमानाच्या प्रत्येक सांध्यात त्याची भुकटी शिरायची. अमेरिकी जनरल विल्यम टनर यांनी ही सगळी वाहतूक घड्याळावर आणली. विमानामागे विमान, मधे काही मिनिटांचं अंतर. उतरायचा पहिला प्रयत्न चुकला तर घिरट्या घालायच्या नाहीत. माल घेऊन तसंच परत जायचं. एका विमानाची घिरटी म्हणजे मागच्या सगळ्यांचा खोळंबा. ऐकायला कठोर, पण या एका नियमावर रांग हलती राहिली. १९४९ च्या ईस्टरला चोवीस तासांत १,३९८ उड्डाणं झाली आणि १२ हजार टनांहून जास्त कोळसा उतरला.

[क्लोज-अप, संग्रहित: रुमालाचं छोटं पॅराशूट, दोऱ्याला चॉकलेट.]

आणि हा रुमाल. गेल हॅल्व्हॉर्सन नावाचा अमेरिकी वैमानिक कुंपणाशी उभ्या मुलांशी बोलायला गेला. खिशात च्युइंगमच्या दोनच कांड्या होत्या. मुलांनी त्या तोडून वाटल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी कागदाचा वास घेतला. उद्या वरून टाकतो, त्यानं सांगितलं. पण इतक्या विमानांत तुझं कुठलं ते ओळखायचं कसं? पंख हलवीन, तो म्हणाला.

[संग्रहित: पंख हलवणारं विमान. निवेदन नाही.]

नाकेबंदी मे १९४९ मध्ये उठली, विमानं सप्टेंबरअखेरपर्यंत येत राहिली. पावणेतीन लाखांहून जास्त उड्डाणं. म्हणून टेम्पलहोफचं नाव काढलं की बर्लिनमधले जुने लोक हळवे होतात. विमानतळ बंद करायची भाषा त्यांना का झोंबली, ते या चित्रफितीत आहे.

[दृश्य: स्मशानभूमी. थडग्यांमध्ये गंजलेले पोलादी सांगाडे, टोकाला दिव्यांच्या जागा.]

मैदानाच्या पूर्वेची ही स्मशानभूमी. थडग्यांच्या रांगांत हे सांगाडे कसले? विमानाला उतरायची दिशा दाखवणाऱ्या दिव्यांचे. विमानं इथून, घरांच्या कौलांवरून, खाली यायची. आठवणी कितीही हळव्या असोत, भर वस्तीतला विमानतळ हा असा असतो.

पुढचा इतिहास भराभर. १९७० च्या दशकात मोठी वाहतूक टेगल विमानतळाकडे गेली. भिंत पडल्यावर, १९९६ मध्ये ठरलं की शहराबाहेर शोनेफेल्डला एकच मोठा विमानतळ करायचा आणि आतले दोन्ही बंद करायचे.

[दृश्य: मतपत्रिका, फलक. संग्रहित.]

२७ एप्रिल २००८ ला विमानतळ चालू ठेवावा म्हणून सार्वमत झालं. मत देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले, ठेवा. पण नियम असा की एकूण मतदारांपैकी किमान पाव लोकांनी होकार द्यायला हवा. तेवढे भरले नाहीत. ३० ऑक्टोबरच्या मध्यरात्रीच्या आधी दोन जुनी विमानं, एक जर्मन यूंकर्स आणि एक अमेरिकी डीसी-३, उडाली आणि धावपट्टीचे दिवे मालवले गेले.

ज्या नव्या विमानतळासाठी ही घाई झाली, तो सुरू झाला ३१ ऑक्टोबर २०२० ला. बारा वर्षांनी. जर्मन शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

[दृश्य: कुंपण. जाळीतून पलीकडचं गवत. फोकस जाळीवरून गवतावर.]

विमानं गेली, कुंपण राहिलं. दीड वर्ष ही जमीन कुणाचीच नव्हती. जून २००९ मध्ये हजारो लोक कुंपण ओलांडायला आले, पोलिसांनी अडवलं. अखेर ८ मे २०१० ला दारं उघडली. लोक आत आले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर धावपट्टीच्या मधोमध चालत गेले.

[दृश्यमाला: पतंगाची शिडं लावून स्केटबोर्डवर सुसाट जाणारे. रोलर स्केटवर आजीबाई. शेगडीचा धूर. आवाज नैसर्गिक.]

[दृश्य: बाग. जुन्या फळ्यांच्या, खोक्यांच्या, एका फुटक्या बाथटबच्या कुंड्या. बाथटबच्या नळाच्या भोकातून वाटाण्याचा वेल बाहेर आलाय. त्यावरच राहा.]

जमिनीत थेट खणायची परवानगी नाही. म्हणून माती खोक्यांत, आणि खोकी जमिनीवर. इथे कुणाची जागा कायमची नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही टोमॅटोच्या रोपाला आधाराची काठी बांधताना इतकी निगुती? पाहा ना.

[दृश्य: गवतात दोरीचं कुंपण, पक्ष्याच्या चित्राचा फलक. चंडोल पक्ष्याचा आवाज, पक्षी दिसत नाही.]

विणीच्या हंगामात मधला भाग माणसांना बंद. चंडोल जमिनीवर घरटं करतो, गवत उंच आणि पायरव कमी लागतो. शहराच्या पोटात त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

[दृश्य: आराखड्याचा कागद टेबलावर. बोट कडेनं फिरतं.]

तर आता कडा. बर्लिनच्या सेनेटनं, म्हणजे तिथल्या राज्य सरकारनं, आराखडा मांडला: मैदानाच्या कडांवर सुमारे ४,७०० घरं, कार्यालयं, एक भव्य ग्रंथालय. मधला २३० हेक्टरचा भाग मोकळाच राहील. वाचताना समंजस वाटतं. घरांची गरज खरी होती, खोटी नव्हती.

मग लोकांनी नाही का म्हटलं? कागद तेवढाच धरला तर उत्तर सापडत नाही. ‘फक्त कडेला’ हा शब्द कुणाच्या तोंडचा आहे, ते पाहावं लागतं. महापौर होते क्लाउस वोवेराइट, आणि त्यांच्याच काळात नव्या विमानतळाचं उद्घाटन तारखेमागून तारीख हुकत होतं. जे सरकार टर्मिनल वेळेत उभं करू शकत नाही, ते कड आखून तिथेच थांबेल कशावरून? आणि घरं कुणाला परवडतील, याचा शब्द कायद्यात कुठे आहे? आज कडा, उद्या कडेची कडा. शंभर टक्के मैदान हवं, असं म्हणणारी नागरिकांची मोहीम याच अविश्वासावर उभी राहिली.

[संग्रहित: रांगा, मतपेट्या.]

२५ मे २०१४. या वेळी पाव मतदारांची अट सहज ओलांडली गेली. ६४ टक्क्यांहून जास्त लोकांनी मैदान जसं आहे तसं ठेवण्याच्या बाजूनं कौल दिला आणि त्याचा कायदा झाला. सहा वर्षांपूर्वी विमानं ठेवा म्हणणाऱ्यांना जे जमलं नव्हतं, ते मोकळ्या जमिनीसाठी झालं.

त्यानंतरच्या वर्षांत शहरातली भाडी चढत गेली आणि घर शोधणाऱ्यांच्या रांगा लांबल्या, हेही खरं.

[दृश्य: हँगरचे बंद दरवाजे, बाहेरून.]

२०१५ मध्ये निर्वासित आले तेव्हा या हँगरांत त्यांची सोय झाली. २०१६ मध्ये कायद्यात बदल करून कडेला तात्पुरत्या निवाऱ्यांना मुभा दिली गेली. आत चित्रण करता आलं नाही.

[स्थिरचित्र: धावपट्टीवर खोदलेले मोठे फुलीच्या आकाराचे खड्डे.]

हे छायाचित्र बर्लिनचं नाही, शिकागोचं. आम्ही तिथे गेलो नाही. पण हे दाखवल्याशिवाय राहवेना. सरोवराकाठचा मेग्ज फील्ड विमानतळ. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकुमावरून बुलडोझर आले आणि धावपट्टीवर या फुल्या खोदल्या. सकाळी पाहतात तर सोळा विमानं अडकलेली. सार्वमत नाही, चर्चा नाही. तिथेही आता बागच आहे, आणि चांगली आहे म्हणतात. पण मला विचाराल तर कुंपणाशी उभं राहून सहा वर्षं भांडलेली बाग वेगळी.

[दृश्य: पुन्हा मैदान. संध्याकाळ. लांब सावल्या.]

वाद मिटलेला नाही. २०२३ मध्ये आलेल्या महापौर काय वेगनर यांच्या सरकारला कडांवर पुन्हा घरं हवी आहेत. चिठ्ठी टाकून निवडलेल्या नागरिकांच्या बैठका झाल्या, रचनाकारांकडून कल्पना मागवल्या गेल्या. २०१४ चा कायदा अजून लागू आहे. पण विधानसभा तो बदलू शकते, आणि हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक आहे.

आमच्या कॅमेऱ्यातली गर्दी रविवारची आहे, हेही सांगून टाकतो. मंगळवारी दुपारी आलो होतो तेव्हा धावपट्टीवर एक माणूस आणि एक कुत्रा होता. मधे दोन किलोमीटर काही नाही.

[दृश्य: दार. पहारेकरी थांबलाय. बाहेर पडणारे लोक, गुंडाळलेले पतंग, बाबागाडी. फलकाचा क्लोज-अप: बारा महिने आणि त्यांपुढे वेळा.]

मैदान सूर्योदयाला उघडतं आणि सूर्य मावळला की बंद होतं. म्हणून दाराशी या वेळा महिन्यागणिक वेगळ्या लिहिल्यात. उन्हाळ्यातली उशिराची, हिवाळ्यातली लवकरची.

[कुलूप लागतं. जाळीपलीकडे, दूर, कुणीतरी अजून सायकलवर, घाईघाईनं दाराकडे येतंय. पहारेकरी कुलूप परत उघडतो. काळा पडदा.]