जखमी लाइनबॅकर परत येतोय, मग बॅकअपचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. फँटसी अमेरिकन फुटबॉलमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचा संघ बनवतो आणि त्यांच्या कामगिरीवर पॉइंट मिळवतो. त्यातल्या आयडीपी लीगमध्ये, म्हणजे जिथे बचावातले खेळाडूही आपण एकेक करून निवडतो तिथे, हंगामाच्या मध्यावर एक चूक हमखास होते. बुधवारी बातमी येते की जखमी लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू, सरावाला उतरला. आणि गेले पाच आठवडे ज्या बॅकअपने, म्हणजे त्याच्या बदली खेळाडूने, पॉइंट मिळवून दिले, त्याला त्याच रात्री सोडून दिलं जातं. दोन दिवसांनी तो प्रतिस्पर्ध्याच्या संघात दिसतो.

घाई करू नका. कोण परत येतोय यापेक्षा तो आल्यावर निकेलमधून कोण बाहेर जाणार, हे आधी शोधा.

निकेल म्हणजे पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे खेळाडू) मैदानात असलेली रचना. हल्लीच्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, बहुतेक संघ अर्ध्याहून जास्त स्नॅप (खेळातल्या एकेक चाली) याच रचनेत खेळतात आणि तेव्हा मैदानात साधारण दोनच ऑफ-बॉल, म्हणजे पुढच्या रेषेपासून मागे उभे राहणारे, लाइनबॅकर असतात. तिसरा फक्त बेस, म्हणजे चार बॅकच्या, रचनेत येतो. डाइममध्ये, म्हणजे सहा बॅक असताना, तर अनेकदा एकच उरतो.

[पडद्यावर: ६४ स्नॅपचा तक्ता]

ढोबळ हिशेब करू. संघाचा बचाव ६४ स्नॅप खेळला आणि लाइनबॅकरला दर ९ स्नॅपमागे एक टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणं) मिळतो असं धरा. पूर्णवेळ खेळणाऱ्याला ७ टॅकल. त्यातले ४ सोलो (एकट्याने केलेले), ३ असिस्ट (दुसऱ्यासोबत केलेले). सोलोला १ आणि असिस्टला अर्धा पॉइंट असेल तर साडेपाच. आता तोच माणूस ३५ टक्के स्नॅपवर आला, की २२ स्नॅप, दोन-अडीच टॅकल, जेमतेम दोन पॉइंट. खेळाडू तोच, कौशल्य तेच, पण खुर्ची गेली.

म्हणून बॅकअपचे प्रकार ओळखा. पहिला, थेट बदली. बहुधा मधल्या लाइनबॅकरच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, म्हणजे आत रेडिओ असतो आणि प्रशिक्षकाचा आवाज त्याला ऐकू येतो. प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढची चाल सुरू करण्याच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, मग रचना सगळ्यांना सांगण्याची जबाबदारी त्याची. ठिपकेवाला शक्यतो मैदान सोडत नाही. २०२३ मध्ये चीफ्सचा निक बोल्टन मनगटाच्या दुखापतीने बाहेर गेला, तेव्हा ठिपका ड्रू ट्रँक्विलकडे गेला. मालक, म्हणजे त्या जागेचा मूळ लाइनबॅकर, परतला की असा ठिपका सहसा त्याच्याकडे जातो आणि बॅकअपचे स्नॅप कोसळतात.

दुसरा प्रकार जास्त मोलाचा. बॅकअप इतका चांगला खेळला की संघ त्याला बसवत नाही, बसतो तो दुसरा लाइनबॅकर, जो कधी जखमी नव्हताच. हे बातमीत येत नाही, स्नॅपच्या आकड्यांत दिसतं. म्हणून मालक बाहेर असतानाचे शेवटचे तीन सामने काढा आणि बघा: बॅकअप आणि हा दुसरा लाइनबॅकर, या दोघांपैकी निकेलमध्ये कोणाचे स्नॅप घटत होते? धोका त्याला आहे.

आता सगळ्यात नाजूक जागा, पुनरागमनाचा पहिला सामना. १२ डिसेंबर २०२४ आठवा. गुरुवारची रात्र, फोर्टीनाइनर्स विरुद्ध रॅम्स, वीक १५, म्हणजे अनेक लीगमध्ये प्लेऑफचा पहिला आठवडा. फोर्टीनाइनर्सच्या ड्री ग्रीनलॉचं अकिलीस (टाचेमागची कंडरा) त्याच वर्षी फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये तुटलं होतं. दहा महिन्यांनी तो पहिल्यांदा उतरला, आठ टॅकल केले आणि गुडघा दुखल्यामुळे बाहेर बसला. त्याच्या जागी हंगामभर खेळलेला डेव्हॉन्ड्रे कॅम्पबेल बाकावर होता. त्याने मैदानात जायला नकार दिला आणि क्लबने त्याला उरलेल्या हंगामासाठी निलंबित केलं. ते आठ टॅकल बघून ज्यांनी पुढच्या आठवड्यात ग्रीनलॉला लावलं, त्यांच्या पदरी निराशा आली: मोजके स्नॅप खेळून तो बाहेर गेला आणि त्या हंगामात परत उतरला नाही.

एका जागेवरचे दोन्ही खेळाडू त्या आठवड्यात भरवशाचे नव्हते. अशा वेळी मालक आणि बॅकअप दोघांनाही बाकावर ठेवून तिसऱ्याच संघातला साधा, पूर्णवेळ खेळणारा लाइनबॅकर लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुखापत कोणती, यावरही बरंच ठरतं. हाताचं हाड मोडलं असेल तर खेळाडू प्लास्टर बांधून पूर्ण स्नॅप खेळू शकतो. टॅकल चुकतात, पण स्नॅप मिळतात. कन्कशनच्या (डोक्याला मार लागल्यानंतरच्या) तपासणीच्या प्रोटोकॉलमधून सुटलेला खेळाडूही बहुधा थेट पूर्णवेळ येतो. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) मात्र पुन्हा दुखावण्याची भीती असते, तिथे बॅकअपला दोन सामने धरून ठेवा. एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) किंवा अकिलीस असेल तर सुरुवातीला स्नॅप मोजूनच दिले जातील असं गृहीत धरा.

आता तारखांचं गणित. एनएफएलच्या इंज्युर्ड रिझर्व्हवर, म्हणजे आयआर या जखमींच्या यादीत, गेलेल्याला किमान चार सामन्यांना मुकावं लागतं. सराव सुरू झाला की २१ दिवसांची खिडकी उघडते. त्या मुदतीत संघाने त्याला सक्रिय केलं नाही तर तो त्या हंगामात परतू शकत नाही. म्हणजे सरावाची बातमी आली म्हणून याच रविवारी खेळेल असं नाही, तीन आठवडेही लागू शकतात. तोवर त्याचा दर्जा आयआरच राहतो आणि तुमच्या फँटसी संघातल्या आयआर स्लॉटमध्ये तो बिनधास्त बसतो.

अडचण सक्रिय होण्याच्या दिवशी येते. रविवारच्या सामन्यासाठी सक्रिय करण्याची मुदत शनिवारी न्यूयॉर्कच्या दुपारी ४ पर्यंत असते. भारतात तेव्हा रात्रीचा दीड, आणि नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की अडीच. दर्जा बदलला की बहुतेक प्लॅटफॉर्म तुमचा रोस्टर (खेळाडूंची यादी) गोठवतात: आयआर स्लॉट रिकामा करेपर्यंत नवा खेळाडू घेता येत नाही. रविवारी रात्री ऐनवेळी बदली शोधायला जाल आणि बटण चालणारच नाही. म्हणून शुक्रवारचा सराव अहवाल बघून झोपण्यापूर्वीच ठरवा की बाकावरचा कोण जाणार. तो बहुधा पाचवा वाइड रिसीव्हर असावा, बॅकअप लाइनबॅकर नव्हे.

रविवारी इनॅक्टिव्हची, म्हणजे न खेळणाऱ्यांची, यादी सामन्याच्या दीड तास आधी येते. न्यूयॉर्कच्या दुपारी १ च्या सामन्यांसाठी ती भारतात रात्री ९ ला, घड्याळं बदलल्यावर १० ला. पुणे, नाशिकहून खेळणाऱ्यांनी तेवढा गजर लावाच. ज्याच्या खेळण्याची खात्री नाही अशा खेळाडूचा सामना उशिराचा असेल तर त्याला लाइनबॅकरच्या स्लॉटमध्ये न ठेवता फ्लेक्समध्ये ठेवा. फ्लेक्समध्ये दुसऱ्या जागेचा खेळाडूही चालतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी पर्याय जास्त राहतात.

सोमवारी सामन्याच्या अहवालात स्नॅपचे आकडे येतात. बॅकअप ८५ टक्क्यांवर असेल तर तो आता बॅकअप राहिलेला नाही, धरून ठेवा. ६० च्या आसपास असेल तर आणखी एक आठवडा बाकावर. ४० च्या खाली गेला आणि मालक सामनाभर टिकला असेल, तरच वेव्हर (मोकळे खेळाडू घेण्याची फेरी) उघडण्यापूर्वी त्याची जागा मोकळी करा.