राखण कुणाची?

(टॉर्चचं मागचं झाकण फिरतं. एक सेल तळहातावर घरंगळतो.)

टॉर्चला आपण बॅटरी म्हणतो आणि तिच्यात घालतो त्यालाही बॅटरीच म्हणतो. बोलण्यात चालून जातं. पण हा हातातला सेल जुन्या दीड व्होल्टच्या सेलचा भाऊबंद नव्हे.

अंगावर आकडा आहे १८६५०. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. आत लिथियम-आयन रसायन. १९९१ साली सोनीने ते बाजारात आणलं. आज तुमच्या फोनमध्येही तेच आहे.

मग फोन निर्धास्तपणे उशाशी ठेवणारे आपण टॉर्चच्या सेलबद्दल एवढं का बोलतोय? कारण फोनमध्ये सेलवर एका सर्किटची सतत नजर असते. किती भरला, किती उतरला, किती तापला, सगळं ते बघतं. साध्या टॉर्चमध्ये असतात स्प्रिंग, स्विच आणि दिवा. तिथे राखण आपल्याला करावी लागते.

(मल्टिमीटरचा काटा सरकतो.)

पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. त्यापुढे तो रेटायचा नाही, म्हणून चार्जर लिथियम-आयनसाठीच बनवलेला हवा. खालची हद्द साधारण अडीच व्होल्ट. टॉर्च चालू राहून खणात पडली, सेल त्याच्या बराच खाली गेला, की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल जिवंत करायच्या युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. कृपा करून करू नका. तो टाकाऊ बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे द्या, कचऱ्याच्या डब्यात नको.

आता दोन सेलची टॉर्च. इथे थोडं थांबू या.

एकामागे एक दोन सेल. एक नवा, एक जुना. किंवा एक भरलेला, एक अर्धा. दिवा लागला की दोघांतून प्रवाह सारखाच वाहतो. कमकुवत सेल आधी रिकामा होतो, पण दुसरा ढकलतच राहतो. रिकाम्या सेलमधून जबरदस्तीने प्रवाह जातो, त्याची धन-ऋण टोकं उलटतात, तो तापतो, वायू सोडतो. सेलच्या टोकाशी वायू बाहेर पडायला वाट ठेवलेली असते. पण पाण्यापासून जपायला रबरी रिंगांनी बंद केलेल्या धातूच्या नळीत तो वायू जाणार कुठे? दाब वाढतो आणि नळी फुटते. आतलं द्रावण पेट घेणारं असतं, निघणारा धूर विषारी.

म्हणून माझा आग्रह एकाच सेलच्या टॉर्चचा. दोनची असेलच, तर दोन्ही सेल एकाच वेळी घेतलेले, एकत्र चार्ज केलेले आणि घालण्यापूर्वी मीटरवर जुळवून पाहिलेले असू द्या. तळाशी छोटं संरक्षक सर्किट असलेले सेलही मिळतात. ते किंचित लांब असतात, त्यामुळे टॉर्चमध्ये मावतात का ते आधी बघा.

(वेष्टनावरच्या चिरेवर कॅमेरा स्थिरावतो.)

ही चीर क्षुल्लक वाटते. पण सेलचं अख्खं पत्र्याचं अंग म्हणजे ऋण टोक. धन टोक आणि हे अंग यांच्यामध्ये वरच्या बाजूला जेमतेम एक चकती आणि हे पातळ प्लास्टिक. खिशात सेलशेजारी किल्ल्या कधीही ठेवू नयेत, ते याचसाठी: धातूने दोन्ही टोकं जोडली की शॉर्ट.

आकारही फसवतो. १४५०० हा सेल दिसायला अगदी दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलसारखा, पण देतो दुपटीहून जास्त व्होल्ट. आणि १८६५० वर ९९०० मिलिअँपिअर-अवर (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं दिसलं तर तो घेऊच नका. एवढ्या जागेत ३५००, फार तर ४००० मावतात. छापलेलं खोटं असेल, तर आतलंही भरवशाचं नाही.

बंद टॉर्च गरम लागली, आतून फुसफुस ऐकू आली, तर उघडून बघायचा मोह टाळा. जवळ मोकळी जागा असेल आणि ती अजून हातात धरवत असेल, तर बाहेर दगडावर किंवा मातीवर ठेवून लांब व्हा. नाहीतर तिला तिथेच सोडा आणि माणसांना बाहेर काढा.

आणि बरेच दिवस वापर नसेल, तर सेल बाहेर काढून, निम्मा भरलेला, प्लास्टिकच्या डबीत, थंड जागी. रोजच्या पिशवीतली टॉर्च असेल, तर मागचं झाकण थोडं सैल करा. आता स्विच दाबून बघा.

(स्विच दाबला जातो. दिवा लागत नाही.)