मांजर, क्रॉस आणि मानवी हक्क

नमस्कार मंडळी.

ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला मानवी हक्क मुळातच नकोत, असं आपण सहज बोलून जातो. इतिहास वेगळा आहे. 1950 च्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या मसुद्यात याच पक्षाच्या डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांचा मोठा वाटा होता. न्युरेंबर्गच्या खटल्यात नाझी नेता गोअरिंगची उलटतपासणी घेणाऱ्यांत ते होते. पण गृहमंत्री झाल्यावर, जानेवारी 1953 मध्ये, 19 वर्षांच्या डेरेक बेंटलीची फाशी त्यांनी थांबवली नाही. हुकूमशाहीपासून नागरिकाला वाचवायचं ते हक्काने. गुन्हेगाराबाबत मात्र हात आखडता. ही विभागणी अजून टिकून आहे.

फेब्रुवारी 2011 मध्ये कैद्यांच्या मतदानबंदीच्या बाजूने संसदेच्या कॉमन्स सभागृहात 234 मतं पडली, विरोधात 22. बंदीत दोष स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे या कराराखालच्या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, काढला होता. त्याच न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये कामावर क्रॉस घालणाऱ्या विमान कंपनीच्या कर्मचारी बाईंना न्याय दिला, तेव्हा पंतप्रधान कॅमेरॉन यांनी आनंद व्यक्त केला. करार एकच, दाद मागणारा माणूस बदलला.

ऑक्टोबर 2011 चं हुजूर पक्षाचं मँचेस्टरचं अधिवेशनही आठवा. मांजर पाळली म्हणून एकाला देशाबाहेर काढता आलं नाही, असं गृहमंत्री थेरेसा मे म्हणाल्या. मांजराचा उल्लेख कागदपत्रांत होता, पण निकाल त्यावर लागला नव्हता. अविवाहित जोडीदारांबाबतचं स्वतःचंच धोरण गृहखात्याने पाळलं नव्हतं, हे खरं कारण. खुलासा त्याच दिवशी आला, पण लोकांच्या लक्षात मांजरच राहिली.

संसद मोठी की न्यायालय, हा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. त्यावर बोलण्याआधी, करारातले हक्क ब्रिटिश कायद्यात आणणाऱ्या 1998 च्या मानवी हक्क कायद्याचं कलम 4 वाचावं. भारतात न्यायालय घटनाबाह्य कायदा रद्द करतं. इथे संसदेचा कायदा कराराशी विसंगत आहे एवढंच न्यायाधीश जाहीर करू शकतात; बदल संसदेने करेपर्यंत तो लागूच राहतो. आणि स्ट्रासबर्गचा युरोपीय संघाशी संबंध नाही, म्हणून ब्रेक्झिटनंतरही करार कायम आहे. त्यातून बाहेर पडू, असं हुजूर पक्षाने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं आहे.

सगळं खापर एकाच पक्षावर फोडणं चूक ठरेल. 1968 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश पासपोर्टधारक भारतीयांची वाट अडवणारा कायदा मजूर सरकारने काही दिवसांत संमत करून घेतला; तो वांशिक भेदभाव अपमानास्पद वागणूक ठरतो, असा निष्कर्ष युरोपीय मानवी हक्क आयोगाने 1973 मध्ये काढला. युगांडातून हाकललेल्या हजारो आशियाईंना 1972 मध्ये आत घेतलं ते हीथ यांच्या हुजूर सरकारने.

आता कामाचं. कौन्सिल, पोलीस किंवा सरकारी रुग्णालयाविरुद्ध मानवी हक्क कायद्याखाली दावा करायला साधारणपणे घटनेपासून एक वर्ष मिळतं. तक्रार अर्जाचं उत्तर येईपर्यंत थांबलात तरी मुदत सरतच राहते. स्ट्रासबर्गला जायचं तर इथल्या अंतिम निकालानंतर चार महिने. फेब्रुवारी 2022 पूर्वी सहा होते, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका.