चौथा फर्मा

नमस्कार मंडळी. मी पुस्तकं काढते. आमची प्रकाशन संस्था म्हणजे दोन माणसं, मी आणि माझी मैत्रीण, तिसरं कोणी नाही. प्रुफं आम्हीच बघतो, पार्सलं आम्हीच बांधतो, आणि फोन वाजला की जिच्या हाताला डिंक लागलेला नाही ती उचलते. आज मला सांगितलंय की तुमच्याकडच्या नव्या पुस्तकांच्या बातम्या द्या, लेखकांबद्दल बोला. तर बातम्या आधी देते, कारण पुढे मला एक गोष्ट सांगायचीये आणि तिच्यासाठी वेळ राखून ठेवायचाय.

बातम्या तीन. पहिली, एका तरुण कवीचा पहिलाच कवितासंग्रह छापायला गेलाय, छोटासाच आहे, ६४ पानं. दुसरी, शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर काचेची भांडी धुतलेल्या एका गृहस्थांनी लिहिलेल्या कथा, त्याची शेवटची प्रुफं आत्ता माझ्या टेबलावर आहेत आणि काल रात्री वाचताना मी चूक शोधायची विसरून नुसतीच वाचत बसले, म्हणजे आज परत पहिल्यापासून बघणं आलं. आणि तिसरी, आमच्या सिस्टरचं दुसरं पुस्तक येतंय. सिस्टर म्हणजे नर्स, रिटायर झालेल्या, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. आजची गोष्ट त्यांचीच आहे.

आता पुस्तक छापून झालं की खरं काम सुरू होतं, हे परत सांगते, छापून झालं की खरं काम सुरू होतं. ते लोकांना कळलं पाहिजे ना. मोठ्या साखळी दुकानांत दारासमोरच्या टेबलावर जी पुस्तकं रचलेली दिसतात त्यातली काही जागा प्रकाशकाने पैसे मोजून घेतलेली असू शकते, हे पुष्कळ वाचकांना माहीतच नसतं. आम्हाला ते परवडत नाही. आम्ही आतल्या कपाटात, कणा, म्हणजे पुस्तकाची शिवलेली बाजू, बाहेर करून उभे. म्हणून कण्यावरचं नाव लांबून वाचता येईल एवढं मोठं हवं, यावर आमचं दर पुस्तकाला डिझायनरशी भांडण होतं आणि दर वेळी मी जिंकते. आणि एक सांगू का, पुस्तकाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून दुकानात ठेवणं मला अजिबात पटत नाही. माणसाने उघडूनच बघायचं नाही तर घ्यायचं कशावरून? मधलं एखादं पान वाचून बघावं, पटलं तर न्यावं. धूळ बसते म्हणतात, बसू दे, पुसता येते.

तर लेखकाचं प्रमोशन. ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली आपला कवितासंग्रह स्वतःच्या पैशाने काढला, टाइप जुळवायलाही स्वतः हात लावला. इमर्सन म्हणून तिथला मोठा लेखक होता, त्याला प्रत पाठवली, इमर्सनचं कौतुकाचं पत्र आलं, आणि पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्या खासगी पत्रातली ओळ याने इमर्सनला न विचारता सोनेरी अक्षरात पुस्तकाच्या कण्यावर छापून टाकली. एवढंच नाही, स्वतःच्या पुस्तकाची परीक्षणंही त्याने निनावी लिहिली होती. कवी म्हणून तो थोर आहेच, पण हे मला आवडत नाही. आम्ही कोणाचंही वाक्य विचारल्याशिवाय मलपृष्ठावर घेत नाही, मग ते कितीही मोठं नाव असो.

मला आवडतात ते व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ. इंग्लंडमधले लेखक नवरा-बायको, लंडनजवळ रिचमंडला राहायचे. १९१७ साली त्यांनी टेबलावर मावेल एवढं हाताने चालवायचं छपाईयंत्र घेतलं आणि जेवणाच्या खोलीत बसवलं. त्याच्याआधी कुठे छपाई शिकता येते का बघितलं तर कोणी घेईना, मग यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचून शिकले. लेनर्डचे हात थरथरायचे म्हणून खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचं काम व्हर्जिनियाचं आणि दांडा ओढायचं त्याचं. सुरुवातीला तिच्या हातून एच आणि एनचे खिळे एकमेकांत मिसळले होते. पहिलं पुस्तक दोघांची एकेक गोष्ट घेऊन काढलं, साधारण दीडशे प्रती. मग त्यांनी दोन याद्या केल्या, हे लक्षात ठेवा, दोन याद्या. एक यादी आगाऊ रक्कम ठेवून निघेल ते प्रत्येक पुस्तक घेणाऱ्यांची, आणि दुसरी नवीन पुस्तकाची नुसती बातमी ज्यांना कळवायची त्यांची. शंभर वर्षांनी आम्ही दोघी तेच करतोय, फक्त कागदी चिठ्ठीच्या जागी मोबाइलवरचा मेसेज आला. १९१९ च्या मे महिन्यात वुल्फ दोघांनी व्हर्जिनियाच्या एका छोट्या गोष्टीचं पुस्तक काढलं, त्याच्याही दीडशेच प्रती. महिनाअखेरीला लंडनच्या टाइम्सच्या साहित्य पुरवणीत चांगलं परीक्षण आलं. दोघं बाहेरगावी होते, घरी येऊन बघतात तर दिवाणखान्याबाहेरच्या टेबलावर ऑर्डरींचा ढीग, सोफ्यावर पत्रंच पत्रं, जेवता जेवता ती फोडत बसले. घाईघाईने दुसऱ्या छापखान्यातून आणखी पाचशे प्रती छापून घ्याव्या लागल्या. असा दिवस प्रत्येक छोट्या प्रकाशकाला एकदा तरी दिसावा हो.

आम्हाला तो वेगळ्या तऱ्हेने दिसला.

सिस्टरचं पहिलं पुस्तक. एकतीस वर्षं त्यांनी जास्त करून रात्रपाळी केली, त्या रात्रींच्या आठवणी. हस्तलिखित आलं ते वॉर्डच्या जुन्या कोऱ्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेलं, अक्षर एकदम स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. पुस्तक झालं. प्रकाशनाचा दिवस ठरला, हॉल घेतला, तीन वक्ते ठरले, आणि सिस्टर शेवटी दहा मिनिटं वाचून दाखवतील असं ठरलं. बाइंडरकडून पुस्तकं यायला उशीर झाला, कार्यक्रमाच्या तासभर आधी १२० प्रती आल्या, मी वरची एक उघडली, वास घेतला, छान वाटलं, टेबलावर मांडून टाकली. लोक येऊ लागले, काहीजणांनी आधीच विकत घेतलं आणि खुर्चीवर बसून चाळायला लागले.

आणि तिसऱ्या रांगेतला एक मुलगा, कॉलेजातला असेल, उठून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, ताई, यात ४८ नंतर परत ३३ येतंय.

आता फर्मा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर कळणार नाही. पुस्तकाचं एकेक पान सुटं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी पानं छापतात, त्याला घड्या घालतात, त्या घडीची सोळा पानं होतात, तो एक फर्मा. असे फर्मे एकावर एक लावून शिवतात. पहिला फर्मा १ ते १६, दुसरा १७ ते ३२, तिसरा ३३ ते ४८, चौथा ४९ ते ६४. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असते, सगळे बरोबर लागले की कण्यावर त्या खुणांचा तिरका जिना दिसतो, एखादी पायरी दोनदा आली किंवा गाळली गेली तर लगेच डोळ्यात भरतं. पण ते बघायचं कव्हर चिकटवायच्या आधी. कोणीतरी बघितलं नव्हतं. तिसरा फर्मा दोनदा लागला होता आणि चौथा गायब. परत सांगते, तिसरा दोनदा, चौथा गायब.

आम्ही दोघी टेबलामागे खाली बसून एकेक प्रत उघडत गेलो. १२० मधल्या ७१ प्रती तशा. मैत्रीण म्हणाली विक्री बंद कर, माफी मागू, लोकांना घरी पाठवू. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. दोन वर्षं एका पुस्तकावर काम केलेलं असतं हो, प्रत्येक स्वल्पविराम दोनदा बघितलेला असतो, आणि त्या बाईंचं आयुष्यातलं पहिलं पुस्तक, त्यांच्या बरोबर काम केलेल्या सगळ्या जणी समोर बसलेल्या.

सिस्टरना सांगायला मीच गेले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि वॉर्डात विचारतात ना तसं विचारलं, किती पानं गेली? म्हटलं सोळा. कुठली? म्हटलं ४९ ते ६४. त्यांनी पर्स उघडली आणि आतून शेवटच्या प्रुफांचा गठ्ठा काढला, तो त्या बरोबर घेऊन हिंडायच्या, का ते मी कधी विचारलं नव्हतं. ती सोळा पानं वेगळी केली आणि म्हणाल्या, अगं मग मी वाचते की, त्यात काय.

त्या स्टेजवर गेल्या, खुर्ची माइकजवळ ओढली आणि लोकांना सरळ सांगितलं, तुमच्यातल्या पुष्कळांच्या पुस्तकात ही पानं नाहीयेत, बांधताना चूक झालीये, ती मी आत्ता वाचून दाखवते, पुस्तक नंतर बदलून मिळेल. आणि वाचायला लागल्या.

त्या पानांत नऊ नंबरच्या खाटेवरच्या एका म्हाताऱ्या पेशंटची गोष्ट आहे. त्याला झोप लागायची नाही आणि दर दहा मिनिटांनी तो हाक मारून विचारायचा, सिस्टर किती वाजले. सगळा वॉर्ड वैतागला. एका रात्री त्यांनी आपल्या हातातलं घड्याळ काढून त्याला दिसेल असं खाटेच्या दांडीला बांधलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही मला सांगायचं किती वाजले ते. आणि तो सांगायला लागला, रात्रभर, दर तासाला, दोन वाजले सिस्टर, तीन वाजले सिस्टर. चार वाजल्याचं सांगितलं नाही. त्या धावत गेल्या तर तो गाढ झोपला होता, अकरा दिवसांत पहिल्यांदा.

हे वाचताना सिस्टरनी आवाज चढवला नाही, नाट्य केलं नाही, रात्री दोन वाजता वॉर्डात बोलतात त्या आवाजात वाचलं, आणि सगळा हॉल पुढे वाकून ऐकत होता. सोळा पानांना पाऊण तास लागला. तीन वक्त्यांपैकी पहिले होते त्यांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला आणि खुणेने मला सांगितलं, मी नाही बोलत आता. दुसरेही नाही बोलले. तिसऱ्यांनी फक्त आभार मानले.

आणि मग लोक टेबलाशी आले. मी चांगल्या प्रती एका बाजूला काढून ठेवल्या होत्या, ४९ होत्या, त्या घ्या म्हणत होते. तर एक बाई म्हणाल्या, मला ती चुकलेलीच द्या. का हो? तर म्हणाल्या, त्यात जी पानं नाहीत ती मी ऐकलीयेत. सिस्टरकडून त्यांनी पान ४८ च्या खाली सही घेतली. मग मागून रांगच लागली ४८ व्या पानावर सही घ्यायला. त्या ७१ मधल्या ६८ प्रती त्याच संध्याकाळी गेल्या. बाइंडरने आपली चूक मान्य केली, प्रती बदलून द्यायचीही तयारी दाखवली, पण पुढच्या महिन्याभरात बदलून घ्यायला आले फक्त नऊ जण. बाकीच्यांनी कळवलं की पुस्तक राहू दे, ती सोळा पानं तेवढी पाठवा. मग छापखान्यातून चौथा फर्मा सुटा मागवला, आम्ही दोघींनी सुई-दोऱ्याने मधून शिवला, आणि एकेकाला पोस्टाने पाठवला.

आमचं सगळं प्रमोशन तिथून बदललं. आता प्रत्येक नव्या पुस्तकाचा एक फर्मा, कुठलाही एक, लेखकाने निवडलेला, आम्ही जादा छापून घेतो आणि सुटा शिवून वाचकांना फुकट देतो, आपसात त्याला चौथा फर्माच म्हणतो, मग तो दुसरा असो नाहीतर सातवा. छापताना शे-दोनशे कागद जास्तीचे, खर्च फार होत नाही. आणि प्रकाशनाला भाषणं बंद. लेखक येतो, खुर्चीवर बसतो, सोळा पानं वाचतो. काही लेखकांना भीती वाटते, विशेषतः नव्या कवींना, त्यांना मी सांगते की घरी मोठ्याने वाचून बघा, जिथे अडखळाल तिथे वाक्यात काहीतरी राहिलंय, आणि छापायच्या आधी कळलं तर बरंच आहे की. त्या प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी असं वाचून शेवटच्या कथेतला सगळा पहिला परिच्छेद काढून टाकला, आणि कथा खरंच सुधारली.

तुम्हाला यादीत यायचं असेल तर आमच्याही दोन याद्या आहेत. एक आगाऊ नोंदवणाऱ्यांची, त्यांना पुस्तक आधी मिळतं आणि लेखकाची सही असते. दुसरी नुसती बातमी कळवायची, तिला काही लागत नाही. आणि आमचंच असं नाही, तुमच्या आवडीचा जो कोणी छोटा प्रकाशक असेल त्याला कळवा की तुमची पुढची बातमी मला पाठवा. आगाऊ नोंदणीने आम्हाला काय मिळतं तर किती प्रती छापायच्या त्याचा अंदाज, आणि तो अंदाज चुकला की उरलेले गठ्ठे वर्षानुवर्षं पलंगाखाली पडून राहतात.

वाचनांचं सांगते आणि थांबते. आधी कविता, मग प्रयोगशाळेच्या कथा, आणि शेवटी सिस्टर. सिस्टरना मी विचारलं, नव्या पुस्तकातला कुठला फर्मा वाचणार? त्यांनी लगेच सांगितलं, तिसरा. म्हणाल्या, मागच्या वेळी तो दोनदा छापलात आणि मला एकदाही वाचू दिला नाहीत.