पाळी बापाची, वेळापत्रक घराचं

वरळीच्या बीडीडी चाळीतली ही खोली. १६० चौरस फूट. कापडगिरणीत रात्रपाळी करून बाप सकाळी घरी आला, की पोरांनी दप्तरं उचलून बाहेर गॅलरीत जायचं. आई भांडंसुद्धा आवाज न करता ठेवायची. "गप रे, बाबा झोपलेत," हे ऐकतच गिरणगावातली पिढी मोठी झाली.

गिरणी तीन पाळ्यांत चालायची. बाप दुसऱ्या पाळीला असला, की मूल शाळेतून यायच्या आत तो कामावर गेलेला. परतायचा मध्यरात्री. तो आठवडा बापलेकांचं बोलणंच नाही. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, मागांचा इतका खडखडाट, की शेजारच्या माणसाशीही ओरडून नाहीतर खुणांनी बोलावं लागे. तो चढा आवाज बापासोबत घरी यायचा. पोरांना वाटायचं, बाबा रागावलेत. राग कसला, वर्षानुवर्षांच्या त्या आवाजानं ऐकूच कमी येत होतं! हे त्या मुलांना कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

बदली कामगाराच्या, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी काम मिळणाऱ्याच्या, घरची तऱ्हा आणखी वेगळी. गिरणीच्या दारावर रोज उभं राहायचं. काम मिळालं तर हजेरी. नाही मिळालं, तर भरलेला डबा तसाच परत. बाबा लवकर आले म्हणून धाकटी नाचायची, आणि आईची नजर त्या डब्यावर.

कोकणातल्या कित्येकांची बायकामुलं तर गावीच राहिली. तिथे बाप म्हणजे मनीऑर्डर, आणि गणपतीला येणारा चाकरमानी.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बाप आता दिवसभर घरी होता, पण पगार बंद. कुठे आईनं खानावळ काढली, कुठे थोरल्यानं शाळा सोडून काम धरलं. ज्या बापाच्या सहवासासाठी पोरं आसुसली होती, तो समोर बसून त्यांची नजर चुकवत होता. संपानं नोकऱ्या नेल्या, याची चर्चा खूप झाली. घराघरांतल्या या तुटलेपणाची फारशी झालीच नाही.

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. आसपासच्या टॉवरांच्या दारात उभ्या असलेल्या अनेक वॉचमनची ड्यूटी बारा तासांची. खाडा झाला की पगार कापला जातो. म्हणून मुलांच्या पालकसभेला आई एकटीच जाते.