बॉनेटखालचं चंदेरी प्रकरण

श्रोतेहो, नमस्कार.

आज बॉनेट उघडायचं आहे. इंजिन ज्या खोलीत बसतं ती खोली घरच्या घरी घासायची, रंगवायची, नटवायची कशी, हे सांगायला मला बोलावलंय. मी काही मिस्त्री नाही. सांगलीतल्या शाळेत गणित शिकवलं आणि एक पद्मिनी सांभाळली. १०८९ सीसीची, चौकोनी तोंडाची, गिअर स्टिअरिंगपाशी. आमच्या घरात तिला अजून फियाटच म्हणतात.

एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल. रंग कुठे लावायचा हे आपल्याला दिसतंच. रंग कुठे लावायचा नाही, ते आधी ठरवा. पुन्हा सांगतो. रंग कुठे लावायचा नाही, ते आधी ठरवा.

हे मला कसं कळलं, ते आधी सांगतो. त्यातच वेळ जाणार आहे, निर्मात्यांना तशी कल्पना दिली आहे.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात. २००५ मध्ये पाणी जिथवर आलं होतं तिथवरचं सामान आम्ही उचललं आणि हुशारीत बसलो. कृष्णामाई काही मागच्या परीक्षेचे प्रश्न परत विचारत नाही. तांदळाची पोती माडीवर गेली, देव गेले, शिलाई मशीन गेलं. गाडी कशी नेणार? आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे आणि फियाट अंगणात, छपरापर्यंत पाण्यात.

परत आलो तेव्हा बॉनेटखाली गाळ. पहिल्या दिवशी तो श्रीखंडासारखा असतो, चौथ्या दिवशी सिमेंटसारखा. म्हणून पूर ओसरला की गाळ ओला असतानाच साध्या पाइपनं धुऊन काढायचा. मिस्त्रींनी फोनवर एकच सांगितलं, "सर, किल्ली लावू नकासा." कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि पाणी काही दाबलं जात नाही. सेल मारला तर आतला दांडा वाकतो. त्यांनी प्लग काढले, इंजिन हातानं फिरवलं, चारी भोकांतून पिचकाऱ्या उडाल्या. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. महिनाभरात त्यांनी गाडी बोलती केली आणि म्हणाले, "आता रंगाचं तुमचं तुम्ही बघा."

बघितलं. नवरात्रात सुट्टी होती, घट बसले त्याच दिवशी मी अंगणात तारेचा ब्रश घेऊन बसलो. पत्र्याच्या कोपऱ्यांत गंज फुटला होता. घासला, रेड ऑक्साइड मारलं, त्यावर गाडीच्या रंगाचा हात. इथपर्यंत झकास. पण तीन डबे चंदेरी स्प्रे उरले होते, श्रोतेहो. उरलेला रंग माणसाचं डोकं फिरवतो. इंजिनच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर चंदेरी केलं. एअर फिल्टरचा डबा चंदेरी केला. आणि मग मला दिसली ती पट्टी.

इंजिन रबरी गुटक्यांवर बसलेलं असतं, त्यामुळे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलेलं असतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आमच्या गाडीत बॉडीला जोडलेली आहे. बॉडीपासून इंजिनपर्यंत तांब्याची विणलेली एक पट्टी जाते, लुगड्याच्या काठासारखी. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. ती काळी पडली होती, म्हणून मी ती सोडवली, चंदेरी केली, तिच्या खालचा पत्राही तीन हात देऊन गुळगुळीत केला आणि बोल्ट घट्ट आवळला. शिवाय बोल्टवरही एक फवारा.

दसऱ्याची सकाळ. ८ ऑक्टोबर. गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बॉनेट मुद्दाम उघडं, कारण गल्लीला दाखवायचं होतं. आमच्या हिनं इंजिनाला हळदकुंकू वाहिलं तेव्हा जरा बेतानं वहा म्हणालो, रंग नवा आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, टोपी घालून पुढच्या सीटवर बसलेले. मिरजेला काकांकडे सोनं द्यायला निघायचं.

किल्ली फिरवली. टक्.

पुन्हा फिरवली. टक्, आणि आजारी म्हशीसारखा एक हुंकार.

बॅटरी उतरली म्हणावं, तर दिवे लख्ख. हॉर्न असा की समोरच्या घरातलं पोर रडायला लागलं. मी गणिताचा माणूस. दिवे लागतात म्हणजे वीज आहे, वीज आहे म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर बिघडला. किती सरळ सिद्धता! गार इंजिन सुरू करताना ओढायचा तो चोक आणखी ओढला आणि किल्ली जरा जास्त वेळ दाबून धरली. तेवढ्यात अण्णा शांतपणे म्हणाले, "अरे, उदबत्ती आत कुणी लावली?"

उदबत्ती नव्हती. डॅशबोर्डमधला चोकचा गोंडा धुरकटत होता. ओढायला गेलो तर बोटाला चटका, आणि वायरीवरचं आवरण वितळून अण्णांच्या धोतरावर ठिपका. गल्लीतली पोरं "धक्का मारू का सर?" म्हणत जमली होती. तेवढ्यात एकानं पाण्याची बादली आणली. तिला आवरलं, नाहीतर फियाटला त्या वर्षीचा दुसरा पूर बघावा लागला असता.

मिस्त्री सणाच्या कपड्यांत आले. खाली वाकले आणि हसायलाच लागले. बॅटरीच्या निगेटिव्हला एक जाड वायर लावली, तिचं दुसरं टोक थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवलं आणि म्हणाले, "मारा सेल." एका फटक्यात सुरू. मग म्हणाले, "सर, ओठ रंगवता रंगवता दात पण रंगवलासा की."

झालं होतं ते असं. दिवे आणि हॉर्न बॉडीवरून चालतात, त्यांना काही अडचण नव्हती. स्टार्टर इंजिनवर बसलेला. त्याचा भलामोठा करंट पट्टीतून परतायचा, पण पट्टीच्या दोन्ही टोकांना माझा रंग. रंगातून वीज जात नाही. मग ती जाईल कुठून? इंजिनला बॉडीशी जोडणारी दुसरी लोखंडी तार होती चोकची. सायकलच्या ब्रेकसारखी बारीक तार आणि तिच्यातून स्टार्टरचा करंट. ती तापणारच.

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरनं माझा तीन हातांचा रंग खरवडला, रुपयाएवढा पत्रा उघडा केला, पट्टीची टोकं घासली, बोल्ट आवळला आणि वरून थोडं ग्रीस लावलं, गंज धरू नये म्हणून. दुपारी बारा वाजता आम्ही मिरजेला पोचलो.

मिरज म्हटलं की मला तिथले सतारमेकर आठवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फार आधी मिळायला हवं होतं. त्या गल्लीत तासभर बसा. भोपळ्यावर पॉलिश चढवताना माणूस पातळ हात देतो, तो सुकू देतो, पुन्हा देतो. आपण मात्र स्प्रेचा डबा एका दमात रिकामा करतो आणि ओघळ आले की कंपनीला शिव्या. आणि ते बॉनेटखाली निळे दिवे लावणारे, त्यांना तर मी... असो.

काचेपलीकडून खूण झाली आहे. चार-पाच मिनिटं उरलीत, तेव्हा काम भराभर सांगतो.

इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरी काढा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं तोंड यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. नव्या गाडीत सेन्सर आणि वायरींचे सॉकेट फार, तिथं हाय प्रेशरचा पंप नकोच. तेलकट थर डिझेलनं भिजवा, ब्रशनं घासा, मग साबणाच्या पाण्यानं डिझेलचा अंश घालवा. तेलाचा डाग राहिला तर रंग तिथून सालीसारखा सुटतो. हे सगळं उघड्यावर करा. थिनरच्या वाफा पेट घेतात. आमच्याकडे घटाचा नंदादीप ओटीवर होता आणि मी अंगणात स्प्रे मारत होतो, ही अक्कल आता सुचते.

गंज पोखरून काढा. त्यावर नुसता रंग मारला तर तो आत वाढत राहतो. पॉलिश पेपर, मग प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर, मग रंगाचे पातळ हात. पातळ हात, आणि एका हातानंतर दुसऱ्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबा. दमट हवेत ड्युको, म्हणजे गाडीचा स्प्रेचा रंग, मारला की पांढरट धुकं येतं, म्हणून पावसाळी दिवशी नको. ब्रेक ऑइलच्या डबीखाली रंग नेहमी का उडतो, विचारतात. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं की लगेच पाण्यानं धुवा.

धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड साध्या रंगानं रंगवू नका, रंग जळतो आणि घरभर वास. त्याला ६०० अंशांपर्यंत टिकणारा वेगळा रंग मिळतो.

आणि झाकायचं काय? मास्किंग टेप, जुने पेपर घ्या. हल्ली पेपर इतके पातळ की दोन घड्या लागतात. रबरी होज आणि बेल्ट झाका. अर्थिंगच्या जागा झाका, सगळ्या, मोजून. चॅसिस नंबर ठोकलेला असतो ती जागा झाका. जुनी गाडी पुन्हा पासिंगला नेली की तिथं कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेतात. रंगानं आकडे बुजले असतील तर तिथं तुम्ही आणि तुमचा चकचकीत पत्रा दोघेही उभे.

फियाट अजून अंगणात आहे. चंदेरी रंग बराचसा पिवळा पडला. रुपयाएवढा उघडा पत्रा मात्र दर दसऱ्याला मी पॉलिश पेपरनं घासतो, आणि अण्णा पुढच्या सीटवरून विचारतात, "दात घासून झाले का रे?"

नमस्कार.